अँब्युलन्सचे कॉल कमी झाले, पण तेव्हा माणसं किती होती?

मागच्या वर्षी कोर्सवर्कच्या सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती. मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘कॅसिनोत धूम्रपानबंदी केल्यावर हार्ट अटॅक १९ टक्क्यांनी घटले’. खाली बारीक टायपात पेपरचा संदर्भ. मागच्या बाकावर बसलेल्या एका सरांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, "हार्ट अटॅक मोजलेत का त्यांनी?" मी म्हणाले, "नाही सर, अँब्युलन्सचे कॉल मोजलेत." "मग तसं लिहा की! आणि कॉल कमी झाले तेव्हा कॅसिनोत माणसं किती होती?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी सारांश वाचला होता, दुसऱ्या एका पेपरच्या प्रस्तावनेत तोच आकडा पाहिला होता, आणि झाली स्लाइड तयार. नंतर महिनाभर मी हट्टाने या विषयावरचे पेपर मुळातून वाचले. हा लेख त्या वाचनाचा. तुमच्यातले बरेच जण सध्या पेट किंवा सिनॉप्सिसच्या गडबडीत आहेत आणि ‘लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय करायचं’ असं विचारत असतात. पद्धत सांगत बसण्यापेक्षा एक विषय घेऊन पेपर कसे भिडतात ते दाखवणं मला सोपं वाटतं.

आधी, कॅसिनोच का? माझं काम बंदिस्त जागेतल्या हवेतल्या सूक्ष्म कणांवर आहे. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, म्हणजे परोक्ष धूम्रपान, हा त्या क्षेत्रातला जुना आणि चांगला अभ्यासलेला भाग. अमेरिकेत ऑफिसं, विमानं, हॉटेलं, बार एकेक करून धूरमुक्त होत गेले. कॅसिनो मात्र अनेक राज्यांत कायद्यातून मुद्दाम वगळले गेले. न्यू जर्सीचा २००६चा कायदा घ्या: बारमध्ये बंदी, रेस्टॉरंटमध्ये बंदी, अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंना सूट. पुढे तिथे खेळाच्या जागेच्या एक चतुर्थांश भागात धूम्रपान चालेल अशी तडजोड निघाली. त्या चतुर्थांश भागात पत्ते वाटणारा डीलर मात्र आठ तास तिथेच उभा असतो. समोरचा माणूस तीन फुटांवरून धूर सोडतो आणि याला तोंड फिरवायचीही सोय नाही. ग्राहक उठून जाऊ शकतो, डीलर नाही.

अशा ठिकाणी मोजमाप करायचं तर काय मोजणार? हवा, की माणूस?

माणूस मोजणारा एक जुना पेपर आहे, १९९८चा. नायॉश या अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या डग्लस ट्राउट आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोत धूम्रपान न करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. शिफ्टच्या आधी एकदा, नंतर एकदा. शोधत होते कोटिनीन. निकोटीन शरीरात गेलं की त्याचं यकृतात कोटिनीन होतं, आणि ते निकोटीनपेक्षा बराच जास्त वेळ टिकतं. नमुने दिलेले कर्मचारी २९. शिफ्टआधीची भौमितिक सरासरी दर मिलिलिटरमागे १.३४ नॅनोग्रॅम, शिफ्टनंतर १.८५. तुलनेला त्यांनी राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातला आकडा घेतला होता: कामाच्या जागी धुराचा संपर्क येतो असं सांगणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या लोकांत ०.६५.

(भौमितिक सरासरी का? कारण असले आकडे एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात. एखाद्याचं कोटिनीन आठ-दहा पट जास्त निघालं तर साधी सरासरी तो एकटा ओढून नेतो. व्हायव्हामध्ये हा प्रश्न हमखास येतो.)

आता हा पेपर आळसात वाचला तर काय दिसतं? शिफ्टमध्ये फरक पडला ०.५१चा. अर्धा नॅनोग्रॅम. यात काय एवढं? पण कोटिनीनचा अर्धायुकाळ साधारण १६ ते २० तासांचा असतो. म्हणजे शिफ्टला येताना कर्मचारी कालचा धूर रक्तात घेऊनच येतो. तो १.३४चा आकडा ‘शून्य रेषा’ नाहीच, ती कालची बाकी आहे. आणखी एक गोष्ट. आठ तासांत नवीन धूर अजिबात मिळाला नसता, तर १.३४ घसरून साधारण ०.९५ ते १.०२पर्यंत आलं असतं. (हे मी पेन्सिलने काढलंय, तुम्हीही काढून बघा. दोनाच्या ऋण घातांकाचं गणित आहे.) घसरण्याऐवजी ते १.८५ला गेलं. म्हणजे त्या शिफ्टने भर घातली ०.५१ची नव्हे, ०.८ ते ०.९च्या आसपासची. सरासऱ्यांवर केलेलं हे ढोबळ गणित आहे, पण दिशा चुकत नाही: शिफ्टआधी आणि शिफ्टनंतरचा नुसता फरक खरा भार कमी दाखवतो.

दोष काढायचे तर भरपूर आहेत. एकच कॅसिनो, माणसं २९, तीही स्वेच्छेने आलेली. ज्याला धुराचा त्रास होतो तोच रक्त द्यायला आधी पुढे येणार, हे उघड आहे. घरी नवरा किंवा बायको सिगारेट ओढत असेल तर? पण इथेच या साध्या रचनेची ताकद दिसते. घरचा धूर सुरुवातीचा आकडा का मोठा आहे ते समजावू शकेल, पण शिफ्टच्या दरम्यान आकडा का वाढला हे नाही समजावू शकत. त्या आठ तासांत ती माणसं घरी नव्हती. प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल आहे. मला हा पेपर म्हणूनच आवडतो. त्याच्या शीर्षकात काहीही चमकदार नाही, आणि बातमीत तो कधीच येणार नाही.

याच जातीचा दुसरा पेपर २००३चा, अँडरसन आणि सहकाऱ्यांचा. धूम्रपान न करणारी १८ माणसं चार तास कॅसिनोत जाऊन आली. आधी आणि नंतर २४ तासांची लघवी गोळा केली. त्यात कोटिनीन वाढलंच, पण महत्त्वाचं म्हणजे एनएनएएल वाढलं. एनएनके नावाचं एक कर्करोगकारक फक्त तंबाखूत सापडतं आणि शरीरात त्याचं एनएनएएल होतं. हे ‘फक्त तंबाखूत’ फार मोलाचं आहे. आम्ही हवेत पीएम २.५ मोजतो तेव्हा तो कण सिगारेटचा आहे, किचनमधल्या तेलाचा आहे की बाहेरच्या डिझेल बसचा, हे कण सांगत नाही. एनएनएएल सांगतं. पुढे नायॉशने लास वेगसच्या तीन कॅसिनोंतल्या डीलरांवर २००९चा अहवाल दिला, त्यातही शिफ्टच्या दरम्यान लघवीतलं एनएनएएल वाढलेलं दिसलं, आणि धूम्रपान पूर्ण बंद करा अशी शिफारस झाली.

हवा मोजणाऱ्यांत जेम्स रिपेस यांचं नाव सतत येतं. डेलावेअर राज्यात २७ नोव्हेंबर २००२ला बंदी आली, त्याच्या आधी आणि नंतर त्यांनी आठ जागा मोजल्या. श्वासावाटे आत जाणाऱ्या कणांपैकी ९० ते ९५ टक्के तंबाखूच्या धुराचे होते, असा निष्कर्ष २००४मध्ये छापून आला. कोर्सवर्कमध्ये हे वाक्य ‘कॅसिनोतले ९५ टक्के कण’ असं फिरताना मी ऐकलंय. त्या आठ जागांत कॅसिनो एक होता. बाकी सहा बार आणि एक पूल हॉल. आणि आमच्या धंद्यातली एक कुरकुर सांगूनच टाकते: प्रकाश विखुरण्यावर चालणारी हातातली यंत्रं कारखान्यातून रस्त्याच्या धुळीवर कॅलिब्रेट होऊन येतात. तंबाखूचा धूर ती जास्त वाचतात, कधी तिप्पटही. दुरुस्तीचा गुणक लावलाय की नाही हे ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये शोधल्याशिवाय कुणाचाही मायक्रोग्रॅमचा आकडा उचलू नका, माझासुद्धा.

‘वेगळा नो-स्मोकिंग विभाग करा, एक्झॉस्ट वाढवा’ हा उपाय चालत नाही, याबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही. २००६च्या सर्जन जनरलच्या अहवालाने परोक्ष धुराची सुरक्षित पातळी नाहीच असं सांगितलं. आणि वातानुकूलनाच्या अभियंत्यांची संघटना अ‍ॅश्रे, जिच्या सभासदांचं पोट पंखे आणि डक्टवर चालतं, तीही म्हणते की धोका संपवायचा तर आत धूम्रपान बंद करणं हाच मार्ग. स्वतःच्या मालाविरुद्ध दिलेली साक्ष म्हणून मला ती जास्त वजनदार वाटते.

आता माझ्या स्लाइडकडे.

कोलोरॅडो राज्यात १ जुलै २००६ला धूम्रपानबंदी आली, कॅसिनो वगळून. मग १ जानेवारी २००८पासून कॅसिनोही आत घेतले. डेन्व्हरजवळ डोंगरात गिल्पिन नावाची काउंटी आहे. वस्ती पाच-साडेपाच हजार, पण ब्लॅक हॉक आणि सेंट्रल सिटी ही दोन कॅसिनोंची गावं तिथेच. स्टॅन्टन ग्लँट्झ आणि एरिन गिब्स यांनी तिथल्या अँब्युलन्स कॉलच्या नोंदी घेतल्या आणि २०१३मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये पेपर छापला. निकाल असा: २००६च्या कायद्यानंतर कॅसिनोबाहेरचे कॉल २२.८ टक्क्यांनी घटले, कॅसिनोतले तसेच राहिले. २००८नंतर कॅसिनोतले १९.१ टक्क्यांनी घटले, बाहेरचे तसेच राहिले.

रचना बघून आधी टोपी काढायला हवी. कायदा दोन टप्प्यांत आला, ही राजकारणातली तडजोड. लेखकांनी तिचाच प्रयोग करून घेतला. एकाच काउंटीत, एकाच अँब्युलन्स सेवेच्या नोंदींत, आधी एक गट बदलतो आणि दुसरा थांबतो, मग उलट. नुसती आधी-नंतरची तुलना असती तर कुणीही म्हणालं असतं की हिवाळा सौम्य होता. इथे ते म्हणणं अवघड जातं. मला स्वतःला असं काही सुचलं असतं तर आठवडाभर झोप आली नसती!

पण सरांचा प्रश्न तसाच राहतो. १९.१ हा कॉलचा आकडा आहे. कॉल म्हणजे आजार गुणिले माणसं. आणि कॅसिनोतली माणसं म्हणजे गावातली वस्ती नव्हे. ती डेन्व्हरहून बसने येतात, त्यातली कितीतरी वयस्कर असतात, अडीच हजार मीटरच्या आसपास उंचीवर दिवसभर बसून रात्री परत जातात. ही माणसं आली नाहीत तर धूर असो-नसो, कॉल कमीच होणार. आणि २००८ साल कोणतं? अमेरिकेतल्या मंदीची अधिकृत सुरुवात डिसेंबर २००७ धरतात. कायदा लागू झाला तो बरोबर पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. त्या वर्षी कोलोरॅडोतल्या कॅसिनोंचं उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा बाराएक टक्क्यांनी खाली आलं. उत्पन्न म्हणजे माणसं नव्हेत, हे खरं, पण दिशा कळते.

‘बाहेरचे कॉल बदलले नाहीत’ हा कंट्रोल इथे पुरत नाही. मंदीत कॅसिनोला जाणं थांबतं, गावात राहणं नाही. म्हणजे मंदीसुद्धा नेमका हाच नमुना तयार करू शकते: कॅसिनोत घट, बाहेर स्थिर. २००६च्या टप्प्याला ही शंका लागू पडत नाही, म्हणून २२.८चा आकडा मला १९.१पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. गंमत बघा, माझ्या स्लाइडवर मी नेमका दुसरा घेतला होता. शिवाय जुलै २००९पासून कोलोरॅडोत पैजेची मर्यादा ५ डॉलरवरून १०० डॉलरवर गेली आणि कॅसिनो चोवीस तास उघडे राहू लागले. ते वारं उलट दिशेचं. म्हणजे लेखकांच्या विरुद्ध जाणारं आणि त्यांच्या बाजूने जाणारं, दोन्ही एकाच मालिकेत मिसळलंय. अशा ठिकाणी मला कॉलच्या आलेखाशेजारी गर्दीचा आलेख हवा. ‘दर दहा हजार भेटींमागे कॉल’ असा एक आकडा, बस्स.

आता गर्दीचं काय होतं, यावर दुसऱ्या राज्यात चांगलीच जुंपली होती, आणि ती वाचल्यावर कोलोरॅडोचा पेपर मला नव्याने कळला.

इलिनॉयमध्येही बंदी १ जानेवारी २००८ला आली, आणि कॅसिनोंना सूट नव्हती. आजूबाजूच्या इंडियाना, आयोवा, मिसूरीच्या कॅसिनोंत ओढायला मोकळीक. सेंट लुइसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ थॉमस गॅरेट आणि मायकेल पॅको यांनी शेजारच्या राज्यांशी तुलना करून निष्कर्ष काढला की बंदीमुळे इलिनॉयच्या कॅसिनोंचं उत्पन्न २० टक्क्यांहून जास्त, सुमारे ४० कोटी डॉलरने घटलं. गर्दीही घटली, पण उत्पन्नापेक्षा कमी प्रमाणात. मग २०१२मध्ये ‘टोबॅको कंट्रोल’मध्ये जेनीन हॅरिस आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा: कॅसिनोंना बंदीतून वगळून गिऱ्हाईक परत येणार नाही, कारण ते गेलंच नव्हतं. त्यांनी दरडोई प्रवेश मोजले आणि बंदीचा ठळक परिणाम सापडला नाही असं सांगितलं.

शीर्षक झकास आहे, हे मान्य. पण दोन पेपर शेजारी ठेवा. एकाचा मुख्य आकडा उत्पन्न, दुसऱ्याचा प्रवेश. इलिनॉयमध्ये दर प्रवेशामागे कर लागतो, त्यामुळे प्रवेशाची मोजणी नीट होते, हे चांगलंच. पण दारातून आत येणारा माणूस आणि मशीनसमोर बसून राहणारा माणूस यांत फरक आहे. सिगारेट ओढणारा तासाला एकदा दहा मिनिटं बाहेर गेला तर प्रवेश एकच राहतो, मशीन मात्र तेवढा वेळ रिकामं. गिऱ्हाईक गेलं नव्हतं, पण उठून जात होतं! तेव्हा ‘प्रवेश बदलले नाहीत’ हे उत्तर ‘उत्पन्न घटलं’ या दाव्याला थेट भिडतच नाही. दोन्ही काही अंशी खरे असू शकतात.

गॅरेट-पॅको यांच्याही बाजूला खड्डे आहेत. शेजारची राज्यं कंट्रोल म्हणून घेताना ती स्वस्थ बसलेली हवीत. इथे ऑगस्ट २००८मध्ये शिकागोच्या उंबरठ्यावर, इंडियानातल्या हॅमंडला, एका कॅसिनोचं अवाढव्य नवं रूप उघडलं. नोव्हेंबर २००८मध्ये मिसूरीच्या मतदारांनी खेळाडूच्या नुकसानीवरची ५०० डॉलरची मर्यादा उठवली. ऑगस्ट २००७मध्ये मिशिगनच्या न्यू बफेलोला नवा कॅसिनो सुरू झाला होता. म्हणजे इलिनॉयचं गिऱ्हाईक धुरासाठी पलीकडे गेलं की नव्या चकचकाटासाठी? मंदी मात्र सगळ्यांना सारखी होती, म्हणून ती त्यांच्या तुलनेत बऱ्याच अंशी वजा होते. कोलोरॅडोत तशी होत नाही. माझ्या मते इलिनॉयमध्ये उत्पन्न बंदीमुळे काही प्रमाणात नक्की घटलं, २० टक्के हा आकडा मात्र मी जसाच्या तसा घेणार नाही.

डेलावेअरचा किस्सा तर मेथडॉलॉजीच्या तासाला शिकवायला हवा. मँडेल, अलामार आणि ग्लँट्झ (होय, तेच) यांनी २००५मध्ये लिहिलं की बंदीचा जुगाराच्या उत्पन्नावर परिणाम झाला नाही. शीर्षकातच ‘परिणाम झाला नाही’. मग कळलं की आकडे भरताना चुका झाल्या आहेत. दुरुस्ती त्याच वर्षी छापली, निष्कर्ष तोच ठेवला. पुढच्या वर्षी पॅको यांनी त्याच जर्नलमध्ये टिपण लिहिलं, शीर्षक जवळजवळ तेच, फक्त ‘नाही’ काढलेलं. २००८मध्ये थालहायमर आणि अली यांनी वेगळ्या प्रारूपाने १५.९ टक्के घट काढली. वादाचा एक धागा तांत्रिक आहे: महिन्यामहिन्याच्या उत्पन्नातला चढउतार सगळ्या काळात सारखा पसरलेला आहे की नाही. नसेल तर प्रमाणत्रुटी चुकते, आणि ती चुकली की ‘ठळक’ आणि ‘ठळक नाही’ यांतली रेघ हलते. पण त्याहून मोठी गोष्ट साधी आहे. पी-व्हॅल्यू ०.०५च्या वर गेली म्हणजे परिणाम शून्य, असं होत नाही. विश्वासांतर बघायचं. ते उणे पंधरा ते अधिक दोन टक्के असं पसरलं असेल, तर ‘परिणाम झाला नाही’ म्हणायचं की ‘आमच्या डेटात सांगता येत नाही’? (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या पेपरचे नाहीत.) शीर्षकात ‘सापडला नाही’ असं लिहिलं असतं, तर दुरुस्तीची नामुष्की निम्मी झाली असती.

आता या दोन भांडणांची गाठ बघा. ही गाठ मला सेमिनारनंतर कितीतरी दिवसांनी दिसली. बंदीच्या बाजूचे लोक दोन वाक्यं एका दमात म्हणतात: बंदीने गिऱ्हाईक घटत नाही, आणि बंदीने अँब्युलन्सचे कॉल घटतात. दुसरं वाक्य आरोग्याचं मानायचं तर पहिलं खरं असावंच लागतं. गिऱ्हाईक घटलं असेल, तर कॉल घटण्याचं श्रेय स्वच्छ हवेला पूर्ण देता येत नाही. म्हणजे गर्दीचा डेटा हा अर्थशास्त्रवाल्यांचा विषय म्हणून सोडून देता येत नाही, तो आरोग्याच्या निष्कर्षाचा छेद आहे. दोन वेगळ्या जर्नलांत, दोन वेगळ्या रकान्यांत ठेवलेले पेपर एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात आणि संदर्भसूची ते दाखवत नाही.

मग मी कुणाच्या बाजूने? डीलरच्या. पण त्यासाठी मला १९.१ची गरज नाही, आणि उत्पन्न घटत नाही हे सिद्ध करण्याचीही नाही. खाण, रंगकाम, अ‍ॅस्बेस्टॉस, कुठेच आपण ‘मास्क दिल्यावर मालकाचा नफा घटतो का’ हे आधी विचारून मग फुफ्फुसाचा विचार करत नाही. निदान कागदावर तरी नाही. इथे मात्र चर्चा आपोआप महसुलावर येते, आणि तिथे दोन्हीकडून मागवलेले अहवाल आहेत. न्यू जर्सीत कॅसिनो-मालकांच्या संघटनेसाठी केलेल्या २०२२च्या अहवालात बंदीमुळे उत्पन्न १०.९ टक्क्यांपर्यंत घटेल आणि २,५१२पर्यंत नोकऱ्या जातील असं भाकीत होतं. धूम्रपानविरोधी प्रतिष्ठानने करून घेतलेल्या दुसऱ्या अहवालात, त्याच वर्षी, मोठी घट होत नाही असं निघालं. करोनाकाळात, जुलै २०२० ते जुलै २०२१, तिथले कॅसिनो प्रत्यक्षात धूरमुक्त होते. पण त्या वर्षाचा डेटा कुणीही कशासाठीही वापरू शकतो, इतकं तेव्हा बाकी सगळंच बदललेलं होतं. डीलरांनी स्वतःची संघटना काढली, कामगार संघटना एप्रिल २०२४मध्ये कोर्टात गेली, आणि ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. कामगारांच्या आरोग्याबरोबर रोजगार आणि महसुलाचाही विचार तिथे झालाच.

आरोग्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी एक आकडा ताणला, की समोरचा वकील तोच एक आकडा पकडतो आणि त्यासोबत ट्राउटचे २९ लोकही बुडतात. सेमिनारमध्ये माझं तेच झालं. पुढच्या स्लाइडवर एनएनएएल होतं, पण ते कुणी ऐकलंच नाही.

एक मित्र आहे, बीएस्सीला माझ्या वर्गात होता, सावंतवाडीकडचा. तीनेक वर्षं गोव्यात एका कॅसिनोत टेबलावर होता, आता सोडलं. आपल्याकडे २००३चा कोटपा कायदा आहे, २ ऑक्टोबर २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम आहेत, आणि तीस खोल्यांच्या वरच्या हॉटेलांना, तीस आसनांच्या वरच्या रेस्टॉरंटना वेगळी धूम्रपानाची जागा ठेवायची मुभाही आहे. त्याला मी विचारलं, टेबलापाशी धूर असायचा का? तो हसला. म्हणाला, "अगं, शर्ट आईने कधी घरात वाळत घातला नाही. मागल्या पडवीत घालायची." मग त्याने विचारलं, "तुम्ही ते मोजता ना? मग सांग, मला काय झालं असेल?"

त्याला मी अँब्युलन्सबद्दल काही सांगितलं नाही. कोटिनीन त्याच्या रक्तातून नोकरी सोडल्यावर आठवड्याभरातच गेलं असणार, तेव्हा आता तपासून काही मिळणार नाही, हे सांगितलं. एकेका माणसाला काय होईल हे आमचे आकडे सांगत नाहीत, हेही सांगितलं. आणि अटलांटिक सिटीच्या २९ लोकांबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, "त्यांचं शिफ्ट किती तासांचं?" मी म्हणाले, आठ. "आमचं बारा असायचं," तो म्हणाला.

स्लाइड मी बदलली आहे. आता तिच्यावर लिहिलंय: ‘गिल्पिन काउंटी, कॅसिनोतून आलेले अँब्युलन्स कॉल, २००८नंतर १९.१ टक्के कमी. भेटींची संख्या शेजारी हवी’. दिसायला काही खास नाही. मार्चमध्ये आरआरसीसमोर तीच दाखवणार आहे.